साहेब, मला वीकनेस आहे!

माझ्याइतकी तयारी करून मुलाखतीला गेलेला माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही! कंपनीची माहिती पाठ, स्वतःची माहिती तर त्याहून पाठ. बूट असे चकचकीत, की वाकून बघत भांग पाडावा. आणि मुलाखतीतला तो एक चिवट प्रश्न असतो ना, ज्याच्यापुढे भलेभले गारद होतात, 'तुमचा वीकनेस काय?', त्याचं उत्तर तर मी असं घोटून ठेवलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा म्हटलं असतं.

पण आधी परिस्थिती सांगतो.

मी बल्बच्या कारखान्यात होतो. जुने बल्ब हो, पिवळे, तारेचे, हात लावला की चटका देणारे. लोकांनी घरोघरी ते पांढरे थंड दिवे लावले आणि आमचा कारखाना विझला. तेव्हापासून मी घरी. बायको शाळेत गणित शिकवते. घर तिच्या जिवावर चाललेलं. सुरुवातीला ती चिडायची. "अहो, दिवसभर घरी असता, निदान दाराची कडी तरी बसवा!" ते ठीक होतं. पण अलीकडे ती हळू आवाजात "असू दे, मिळेल काहीतरी" असं म्हणायला लागली होती. बायको आवाज चढवते तोवर संसार ठणठणीत समजावा. ती समजूतदारपणे बोलायला लागली, की समजावं, दिवस फिरले!

अशात पंख्यांच्या कंपनीचं बोलावणं आलं. तक्रार विभागात एक जागा होती. ज्यांचे पंखे कुरकुरतात त्यांची कुरकुर फोनवर ऐकायची, आणि मिस्त्री पाठवायचा. बायको त्या दिवशी शाळेतून आली ती भावाला फोन करतच.

माझा हा मेहुणा एका मोठ्या कंपनीत माणसं निवडायचं काम करतो. निवडतो कसली, नाकारतो! तो आला, खुर्ची उलटी करून बसला आणि माझी शिकवणी सुरू झाली.

"भावजी, वीकनेस विचारतील. काय सांगाल?"

"काही नाही म्हणून सांगेन."

"गेली नोकरी!"

"बरं, मग खरा तो सांगेन."

"कायमची गेली! अहो, वीकनेस असा सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरेच्चा, हा तर गुण आहे! म्हणा, मी काम हातात घेतलं की सुटत नाही. भूक लागत नाही. झोप लागत नाही."

"मला तर छान लागते."

"ती घरी! मुलाखतीत लागत नाही."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "खरा हवा असेल तर मी सांगते की! समोरचा माणूस बोलत असतो, आणि हे कुठच्या कुठे! परवा मी ओरडतेय, अहो दूध गेलं, दूध गेलं! तर हे शांतपणे म्हणतात, 'येईल परत.'"

यात खोटं काही नव्हतं. मला तंद्री लागते. झोप नव्हे, डोळे उघडे, मान ताठ, चेहऱ्यावर सगळं कळल्याचे भाव. फक्त मी तिथे नसतो. समोरच्याच्या बोलण्यातला एखादा शब्द माझं बोट धरतो आणि घेऊन जातो. पेपरवाला म्हणतो, "उद्या येणार नाही", की मी त्याच्या उद्यात जाऊन बसतो. कुठे जाणार असेल हा? कुणाच्या लग्नाला? इस्त्री करून शर्ट दाराला टांगला असेल, आणि त्याची बायको म्हणत असेल, हा नको, तो निळा घाला... तोवर पेपरवाला तिसऱ्या गल्लीत पोचलेला असतो, आणि मी दारात निळ्या शर्टाकडे बघत उभा!

तर शिकवणी चालू असताना आई आतल्या खोलीतून बाहेर आली. तिच्या कानांवर तुकडे पडले होते. 'वीकनेस', 'भूक लागत नाही' आणि 'झोप लागत नाही'.

"अरे, कधीपासून हे? आणि मला बोलला नाहीस?"

"आई, तो मुलाखतीतला वीकनेस आहे."

"मुलाखतीत येतो? मग घरून नीट खाऊन जा!"

आम्ही हसलो. हसलो तिथेच चुकलं! आई हसली नव्हती. ती तडक शेजारच्या काकूंकडे गेली. दुसऱ्या दिवशी काकू संत्री घेऊन आल्या आणि माझ्याकडे असं बघून गेल्या, की जणू मी पुढच्या संत्र्यांच्या हंगामापर्यंत टिकणार नाही. मी आपली संत्री खाल्ली. गोड होती.

आता पुढचं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, निदान तुमची तरी फजिती नको. या काकूंचे यजमान, शेजारचे काका, रोज सकाळी ज्या बागेत फिरायला जातात, त्याच बागेत पंख्यांच्या कंपनीचे साहेबही फिरायला येतात. काकांनी निव्वळ माझ्या भल्यासाठी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आमच्या शेजारचा येतोय तुमच्याकडे. माणूस सोन्यासारखा आहे हो. पण वीकनेस फार आहे. जरा सांभाळून घ्या!"

मुलाखतीच्या दिवशी मी कंपनीत पोचलो आणि दारातच थबकलो.

बाहेरच्या दालनात सगळीकडे पंखेच पंखे! छताला, भिंतींना, कोपऱ्यांत उभे. काही भरभर फिरणारे, काही आळसावलेले, आणि मधोमध लाकडी पात्यांचा एक थोरला पंखा, इतका सावकाश फिरणारा, की त्याला फिरायचं आहे की नाही हे त्याचं अजून ठरत नसावं. खिडक्यांना पांढरे पडदे होते. ते एकदम फुगायचे आणि एकदम निवायचे, जणू इमारत श्वास घेत होती. सगळ्या पंख्यांचा मिळून एक सूर लागला होता. घूं... घूं... दूरवर कुणीतरी अंगाई गुणगुणत असावं तसा.

माझ्यासारख्या माणसाला अशा ठिकाणी बसवून ठेवणं म्हणजे मुंगीला साखरेच्या पोत्यावर राखण करायला सांगणं!

मी मांडीला चिमटे काढले. मनात घोकत राहिलो, काम सुटत नाही, भूक लागत नाही, झोप लागत नाही. तिसऱ्यांदा 'झोप लागत नाही' म्हणताना मला सणसणीत जांभई आली. एवढ्यात रिसेप्शनवरच्या मुलीने नाव पुकारलं.

आत दोघं होते. एक कंपनीच्या मालकीणबाई. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि नजर चष्म्याच्या वरून. दुसरे ते बागेतले साहेब. त्यांनी डाव्या कानावरचे केस टक्कल ओलांडून उजव्या कानापर्यंत नेले होते, आणि डोक्यावर पंखा असल्यामुळे एक हात कायम त्या केसांवर ठेवला होता. पंख्यांच्या कंपनीत हा माणूस दिवस कसे काढत असेल, या विचाराने मी तिथेच हरवणार होतो, पण साहेब लगबगीने उठले.

"या, या! सावकाश. जिने चढून आलात?"

"हो साहेब! दोन-दोन पायऱ्या!"

"अहो, कशाला!" साहेब कळवळले. त्यांनी मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. मला वाटलं, काय माणुसकी आहे! आमच्या बल्बच्या कारखान्यात खुर्ची दाखवायलाही कुणी नव्हतं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. साहेब पुढे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "एक विचारतो, राग मानू नका. तुम्हाला... वीकनेस आहे?"

पहिल्याच चेंडूला माझा प्रश्न! मी सरसावून बसलो.

"आहे साहेब!"

मी हे इतक्या अभिमानाने म्हटलं, की बाईंनी चष्मा वर सरकवला.

"कधीपासून?"

'कधीपासून' हे मेहुण्याने शिकवलं नव्हतं. पण मी डगमगलो नाही. "पहिल्यापासूनच. आमच्या घराण्यातच आहे. वडिलांनाही होता."

"अरेरे. मग ते..."

"शेवटपर्यंत कामात होते! काम करता करताच गेले."

"काम करता करता!" बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"नेमकं होतं काय तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"एकदा काम हातात घेतलं, की हातातून सुटतच नाही."

"हात आखडतो?"

"छे छे साहेब! कामाच्या बाबतीत मी कधीच हात आखडता घेत नाही."

"भूक?"

"मुळीच लागत नाही!"

"झोप?"

"डोळ्याला डोळा लागेल तर शपथ!"

"त्रास घरी जास्त होतो, की ऑफिसात?"

"घरी नावालाही नाही. ऑफिसात पाऊल ठेवलं की सुरू!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी आतल्या आत मेहुण्याची पाठ थोपटत होतो. उत्तरं कशी नेमकी लागत होती! दोघांचे डोळे बघा, पाणावलेत नुसते! मग आपणच एक भर टाकावी म्हणून मी पुढे म्हणालो, "आणि साहेब, माझ्याबरोबर काम करणाऱ्यांनाही हळूहळू लागतो बरं का! बल्बच्या कारखान्यात माझ्यामुळे अख्ख्या विभागाला लागला होता."

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. "आणि तो कारखाना?"

"बंद पडला."

फक्त पंखा फिरत होता.

"यावर काही उपाय करताय की नाही?" बाईंनी विचारलं.

"उपाय कशाला बाई? यातच तर माझी खरी ताकद आहे!"

"यांना घाम आलाय," बाई दारातल्या रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाल्या. "पंखा वाढव गं."

झालं! पंखा वाढला.

आधी साहेबांचे केस उठले. म्हणजे त्यांच्या बोटांच्या फटीतून एकेक बट निसटली आणि वाऱ्यावर लांब, संथ डुलायला लागली. मग पंख्याची पाती पुसट होत होत एकमेकांत मिसळली आणि वर एक गोल पाणी तयार झालं. चकाकणारं, निळसर, तळ्यासारखं. त्याच्या काठाने माझे विचार चालायला लागले. बाईंचा आवाज आला, पण तो दुसऱ्या तीरावरून, कपडे धुणाऱ्या बायकांच्या बोलण्यासारखा, शब्द नसलेला. भिंती पडद्यांइतक्या पातळ झाल्या. टेबलावरच्या फायली उघडल्या आणि बगळ्यांसारख्या एकामागून एक उडून गेल्या. आणि मी त्या पाण्यावर पाठ टेकून तरंगत, अत्यंत भारदस्त आवाजात, माझं उत्तर पूर्ण करत होतो! असं उत्तर, की जगात आजवर कुणी दिलं नसेल. साहेबांनी भारावून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि मोकळे सुटलेले त्यांचे केस झेंड्यासारखे फडकले. बाई म्हणाल्या, "असाच माणूस हवा होता!" मी नम्रपणे हसलो. वरून फुलं पडली. फुलं जरा ओली होती. मग फारच ओली होती. मग ती नाकात गेली.

"गेले! उघड्या डोळ्यांनी गेले हो!" रिसेप्शनवरची मुलगी रडत होती.

मी जमिनीवर होतो. माझे पाय माझ्याच खुर्चीवर होते. अंगावर तांब्याभर पाणी. नाकाशी एक चकचकीत बूट धरलेला. माझाच! साहेब माझ्या प्रमाणपत्रांच्या फायलीने मला वारा घालत होते, फिरत्या पंख्याखाली! आणि त्यासाठी त्यांनी केसांवरचा हात काढला होता. माझ्यासाठी त्या माणसाने काय सोडलं, हे तेव्हा मला नीटसं उमगलं नाही.

"मी ठीक आहे," मी म्हणालो.

"बोलू नका!" साहेब ओरडले. "बोलण्यात शक्ती जाते!"

"पण साहेब, माझी ताकदच..."

"धरा, धरा याला! वात झालाय!"

खाली कामगारांना तपासायला कंपनीचे डॉक्टर आले होते. मुलगी धावत जाऊन त्यांना घेऊन आली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मान हलवून म्हणाले, "यांना काहीही झालेलं नाही. ठणठणीत आहेत. सकाळी संत्रं खाल्लं असावं."

"पण वीकनेस?" साहेब म्हणाले.

"कोण म्हणालं?"

"हे स्वतःच! आणि बागेत यांचे शेजारीसुद्धा म्हणाले. घराण्यात आहे. वडील गेले. अख्खा कारखाना गेला!"

मग हळूहळू गुंता सुटायला लागला. बाग, काका, काकू, संत्री, आई, मेहुणा. एकेक माणूस मी आपला ओल्या शर्टानिशी जमिनीवर बसून मागे मागे शोधत गेलो. गुंता सुटला तशी साहेबांनी फाईल खाली ठेवली आणि तो हात सावकाश केसांवर परत नेला. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

फक्त बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे भूक लागते, झोप लागते, काम सुटतं. मग तुमचा खरा वीकनेस काय? आणि आत्ता तुम्हाला झालं काय होतं?"

मेहुणा म्हणाला होता, खरं सांगितलंत तर नोकरी कायमची जाईल. पण एका पायात बूट नसलेला माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही. बोलून बघा!

"बाई, मी हरवतो," मी म्हणालो. "समोर माणूस बोलत असतो, आणि मी नसतो. आजार नाही काही. बायको रोज बोलवून आणते मला."

"आत्ता कुठे होतात?"

"तुमच्या पंख्यात. तिथे पाणी होतं."

"आणि?"

पुढचं मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी 'आणि' असं विचारलं, की सांगावंसंच वाटलं. "लहानपणी सुट्टीच्या दिवशी दुपारी वडील पंख्याखाली पाठ टेकायचे. मी त्यांच्या पोटावर डोकं ठेवून वर बघायचो. पोट वर-खाली व्हायचं आणि पंखा गोल फिरायचा. मला वाटायचं, आपलं घर चाललंय कुठेतरी. बोटीसारखं. आई भांडी घासत असायची, तिला कुणी सांगितलंच नाहीये की आपण निघालोय. तेव्हापासून पंखा दिसला की मी निघतो."

बाईंनी चष्मा काढला आणि वर पाहिलं. पंखा फिरत होता. मग साहेबांनी वर पाहिलं. मग डॉक्टरांनी. काही वेळ आम्ही सगळेच वर बघत बसलो. त्या मुलीने तर डोळे मिटून घेतले होते. कुणाचंही ऑफिस वाटू नये अशी ती खोली झाली होती.

मग बाई माझ्याकडे वळल्या आणि मायेने काहीतरी बोलू लागल्या. बरंच बोलल्या. तेवढ्यात माझ्या फायलीतून निसटलेला एक कागदाचा कपटा वाऱ्यावर चढला, आणि पंख्याखाली गोल गोल फिरत, कधी वर, कधी खाली... मी त्याच्याबरोबर दोन फेऱ्या मारून आलो. परत आलो तेव्हा बाईंच्या बोलण्यातला एकच शब्द कानावर पडला, "...सोमवारपासून..." आणि त्या हसून थांबल्या.

आता 'काय म्हणालात' असं विचारायची काही सोय होती का? आत्ताच तर मी सांगितलं होतं, समोर माणूस बोलतो आणि मी नसतो म्हणून! सोमवारपासून! आणखी काय हवं? मी उठलो, बूट चढवला, हात जोडले आणि म्हणालो, "फार आभारी आहे बाई. सोमवारी येतो!"

बाई काहीतरी म्हणणार होत्या. पण मी दाराबाहेर पडलो होतो, आणि त्या दालनातल्या सगळ्या पंख्यांखालून बोटीसारखा चाललो होतो.

घरी बायको उत्तरपत्रिका तपासत होती. माझा ओला शर्ट पाहून तिने लाल पेन खाली ठेवलं.

"सोमवारपासून," मी म्हणालो.

ती उठून खिडकीशी गेली, बाहेर बघत राहिली, पदराने नाक पुसलं. मग गर्रकन वळून कडाडली, "मग सोमवारच्या आत दाराची कडी बसवायची! एकदा नोकरीला लागलात की सापडणार आहात का तुम्ही?"

किती दिवसांनी तो आवाज ऐकला हो! मी कडी बसवली. उलटी बसली, पण बसली.

सोमवारी रिसेप्शनवरच्या मुलीने मला पाहिलं, क्षणभर गोंधळली, मग हसली. "तक्रार विभाग ना? आज येणारच होते कोणीतरी. या!" आणि मला एका लहानशा खोलीत नेऊन बसवलं. एक टेबल, एक फोन, आणि डोक्यावर पंखा. साहेब दारावरून गेले, मला पाहून थबकले, केसांवरचा हात जरा दाबून धरला, म्हणाले, "बाईंनी शेवटी... बरं, बरं. छान!" आणि निघून गेले.

काम सुरू झालं आणि मला एक गंमत कळली. फोनवर माणूस दिसत नाही. नुसता आवाज. "पंखा टकटक करतो," एवढं कोणी म्हणालं, की मी त्या खोलीत पोचलेलो असायचो. "पंखा कॉटच्या वर आहे का हो? कॉटवर कोण झोपतं?" मी विचारायचो. आणि माणसं सांगायची! भांडायला फोन केलेली माणसं सांगायला लागायची. सासूबाई झोपतात, त्यांना आवाज चालत नाही, खरं तर त्यांना काहीच चालत नाही... मी त्या घरात, त्या कॉटच्या कडेला बसून ऐकत असायचो. हरवलो तरी त्यांच्याच घरात हरवायचो. मग पत्ता विचारायचा राहिला, की पुन्हा फोन करायचो, इतकंच.

एके दिवशी एका आजींचा फोन आला. आवाज चिडलेला. "तुमच्या माणसाने पंखा दुरुस्त केला."

"मग आता काय होतंय आजी?"

"आता काहीच होत नाही! आवाजच येत नाही मुळी. माझे यजमान होते तेव्हापासून तो करकरायचा. आता दुपारी पडलं की घर रिकामं वाटतं. मला तो पहिल्यासारखा करून द्या."

मी मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, आयुष्यभर करकर घालवली. आणायची कशी?" पण गेला बिचारा. दोन स्क्रू ढिले केले, एक वॉशर काढला, आजी पलंगावर पडून सांगत होत्या, "अजून थोडी... अजून... हां, आता आले!"

या आजींनी मग फोन केला तो थेट मालकीणबाईंना. त्यांनी काय सांगितलं देव जाणे, पण त्याच दुपारी बाई स्वतः जिना उतरून आमच्या खोलीच्या दारात आल्या.

"कोण आहे तो तक्रार विभागातला माणूस? मला भेटायचंय त्याला," त्या म्हणाल्या, आणि मला पाहून चष्मा नाकाच्या टोकावरून पडता पडता वाचला.

"तुम्ही?"

"मीच बाई."

"तुम्ही इथे काय करताय?"

"तक्रारी ऐकतोय."

"अहो, पण तुम्हाला तर मी त्या दिवशी नाही म्हणाले होते!"

माझ्या पायांखालची जमीन पंख्यासारखी फिरली. "तुम्ही... सोमवारपासून म्हणालात ना?"

"सोमवारपासून दुसरे एक गृहस्थ येणार आहेत, म्हणून तुम्हाला घेता येत नाही, असं म्हणाले! फार वाईट वाटलं मला. किती वेळ समजूत घालत होते तुमची! आणि तुम्ही हसून आभार मानलेत. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!"

आवाज ऐकून साहेब आले. त्यांना वाटलं होतं, बाईंनीच मागाहून मन बदललं. मुलगी आली. तिला वाटलं होतं, दुसरे गृहस्थ म्हणजे मीच. आणि ते खरे दुसरे गृहस्थ? त्यांनी दुसरीकडे नोकरी धरल्याचं कळवलंही होतं, पण तक्रार विभागात तर माणूस बसलेला होता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी उभा राहिलो. डबा पिशवीत घातला. बायको डोळ्यांसमोर आली, खिडकीशी पाठमोरी उभी असलेली ती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आत्ता तंद्री लागावी. आत्ता कुठेतरी निघून जावं. तर छे! लागेचना! लख्ख जागा होतो मी. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

एवढ्यात फोन वाजला.

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी साहेबांकडे. साहेबांनी छताकडे. फोन वाजत राहिला.

"वाजतोय तो," बाई म्हणाल्या. "उचला आधी. बाकीचं मग बघू."

मी फोन उचलला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला पंखा उलटा फिरत होता. मी लगेच तिकडे गेलो. परत आलो तेव्हा खोलीत कोणी नव्हतं.

त्याला आता बरेच दिवस झाले. बाकीचं अजून कोणी बघितलेलं नाही. मीही आठवण करून देत नाही.